घरभेटीचे पडदे

प्रिय ठमे,

तुझा मेसेज मिळाला. त्यानंतरचाही मिळाला, आणि 'बाबा, वाचलंत का?' तोही मिळाला. सगळे वाचले. उत्तर दिलं नाही, कारण फोनवर मला 'बरं' आणि 'ठेवतो' यांच्या पलीकडे जाता येत नाही, आणि त्या एवढ्याशा पट्टीत टाईप करायला बसलो की हल्ली बोट भलत्याच अक्षरावर पडतं. राग आला की असं होतं म्हणतात. मला माहीत नव्हतं, मला राग येण्याची सवय नाही. तुझी आई म्हणायची, यांना राग आलाच तर तो सुटीच्या दिवशी येईल, तोही आधी विचारून. तर तो आला आहे, आणि विचारून आलेला नाही.

घरचं आधी सांगतो. हॉस्पिटलातलं माझं स्टूल काढून घेतलं. नवे व्यवस्थापक आलेत, त्यांना बसलेला लिफ्टमन आळशी दिसतो. आपल्या वर राहणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'मग तुमचे साहेब काय टेबलावर उभं राहून सह्या करतात होय?' नर्सची नोकरी सोडून त्यांना इतकी वर्षं झाली तरी हॉस्पिटलावरचा त्यांचा राग ताजा आहे. मी आपला निमूट उभा राहतो. सकाळी पाय दुखतात, दुपारनंतर ते आपले आहेत हेच विसरायला होतं. लोक आत येतात, मजला सांगतात आणि मी तिथे नसल्यासारखे आपापसात बोलतात. पूर्वी मला ते बरं वाटायचं. हल्ली कुणी 'चौथा' म्हणालं की बटणापाशी माझा हात थांबतो. तुझ्या आईला चौथ्यावर ठेवलं होतं. आईचं शिलाईचं मशीन खिडकीपाशीच आहे, तिनेच शिवलेली खोळ घालून. पडद्यांच्या दुकानाचा मालक, आपला मीटरमामा, दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा बसून रडला. दुसऱ्यांदा म्हणाला, मशीन काढायचं झालं तर आधी मला सांगा. दोन्ही मनापासून होतं, म्हणून मी दोन्ही वेळा चहा दिला.

तर, तुझ्या शिष्यवृत्तीची घरभेट. ती झाली. तू सांगितलं होतंस तसं सगळं केलं, एकही गोष्ट गाळली नाही. निकालही मला कळला आहे. तो सांगणार आहे, पण आधी तू काही गोष्टी ऐकायच्या. पान उलटून शेवट बघायची तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे. या वेळी बघू नकोस.

मागच्या वेळची घरभेट तुला ऐकूनच माहीत आहे. तू तिकडे वसतिगृहात होतीस, मी इथे आईच्या पायाखालचा डगमगता पाट धरून उभा होतो. ट्रस्टचा फोन आला की एक बाई घर बघायला येणार, आणि आई शिवण बाजूला ठेवून घराच्या मागे लागली. भिंती पुसल्या, पलंगावर नवं कव्हर चढवलं. तिच्याकडे तेव्हा एका दातांच्या डॉक्टरांच्या घरचे पडदे शिवून तयार होते. गर्द हिरवे, आतून अस्तर, वर जाड चुण्या. दुसऱ्या दिवशी पोचवायचे होते. ते तिने आपल्या खिडकीला लावले. आपली खिडकी केवढी आणि ते पडदे केवढे. खालून हातभर दुमडून तिने टाचण्या लावल्या. मी म्हणालो, 'अगं, त्या आपली गरज बघायला येतायत.' ती तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाली, 'म्हणूनच.'

हे 'म्हणूनच' मला समजायला फार वेळ लागला. तुला ते अजून समजलेलं नाही, म्हणून लिहितो. तिची उभी हयात उधारीवर आणि दुसऱ्यांच्या कापडावर गेली. दोरे, अस्तर, कड्या, सगळं उधार. दुकानदार उधार कोणाला देतो? ज्याच्याकडे बघून वाटतं की हा परत करील, त्याला. मोठ्या घरची बाई एवढं महागाचं कापड कोणाच्या हाती सोपवते? जिच्या घरात काही कमी दिसत नाही, तिच्या. गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जाताना आई सकाळचं शिळं खाऊन जायची, पण जायची ठेवणीतले कपडे घालून. गरज दिसली की काम जातं, हे तिला बाजाराने शिकवलं होतं. मग पोरीच्या शिक्षणाला पैसे देणारी माणसं घर बघायला येतात ती कशाला? आपले पैसे वाया जाणार नाहीत ना, हे बघायला. दुसरं काही कारण तिच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. फाटकं दाखवलं की माल देतात, असंही एक दुकान जगात आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या बाई आल्या. पडद्यांना हात लावला, अस्तर उलटून बघितलं, कुठून घेतले विचारलं. मी शिवलेत, आई म्हणाली. कापडाचा भाव विचारला, तोही तिने सांगितला, ताठ मानेने. कुणाचे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. जाताना त्या बाईंनी आईचा नंबर घेतला आणि आठवड्याभरात त्यांच्या घरून कापड आलं. दिवाणखान्याच्या खिडक्यांसाठी, बदामी. आईने दुकानाची कामं मागे ठेवून ते पडदे शिवले आणि शिलाई घेतली नाही. 'राहू द्या, मुलीचं काम आहे तुमच्याकडे,' म्हणाली. बाई म्हणाल्या, 'अहो, असं कसं,' आणि पर्स मिटली. एका खिडकीचा तेवढा राहिला, कारण कापड कमी पडलं आणि त्या रंगाचा तागा पुन्हा आला नाही. बदामी पडदे त्यांच्या घरी पोचले, आणि थोड्याच दिवसांनी तुला कळवण्यात आलं की कुटुंबाचे राहणीमान समाधानकारक असल्याने अर्ज नामंजूर. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने सुईत दोरा ओवून घेतला. मग म्हणाली, 'त्यांनी बघितलं ते लिहिलं. लबाडी तर नाही ना केली.' आणि थोड्या वेळाने, 'चुण्या पडल्या होत्या मात्र सुरेख.' राग मला तेव्हा यायला हवा होता. वर यायला दोन वर्षं लागली. आमची लिफ्ट जुनी आहे.

त्यानंतर तू आईला फोन केलास तेव्हा तो स्पीकरवर होता, हे तुला ठाऊक नसेल. आईचे हात कापडात असायचे म्हणून तिचा फोन तसाच असायचा. 'कुणी सांगितलं होतं तुला श्रीमंती दाखवायला? आता तेच पडदे विक आणि माझी फी भर.' ती एवढंच म्हणाली, 'ते आपले नव्हतेच गं.' त्यानंतर तुझे फोन माझ्या फोनवर यायला लागले. 'आईला सांगा' म्हणायचीस, आणि आई शेजारीच बसलेली असायची. तुझी खोली, तुझे सर, तुझी प्रयोगशाळा, लोखंडावर चढणारा तो गंज, ज्याचा अभ्यास करायला माणसाला एवढं शिकावं लागतं, सगळं ती माझ्या तोंडाकडे बघून ऐकायची. मी फोन ठेवला की विचारायची, 'खाल्लं का म्हणाली?' तू म्हणालेली नसायचीस. मी हो म्हणायचो.

आणि ती खोकायची. दुकानाची कामं तिने वाढवून घेतली होती, कशासाठी ते तुला माहीत आहे. कापडाचे तंतू घशात जातात, म्हणायची, सगळ्याच शिवणाऱ्यांना होतं. शेवटी तपासायला आणलं ते माझ्याच हॉस्पिटलात. तिथे तळमजल्यावर गरजूंसाठी सवलतीची खिडकी आहे. तिला त्या रांगेत उभी करून मी लिफ्टवर गेलो. डॉक्टरांकडे जायचं म्हणून ती ठेवणीतले कपडे घालून, केस चापून चोपून आली होती. खिडकीतल्या माणसाने तिच्याकडे बघून विचारलं, 'खर्च तुम्ही भरणार ना?' ती म्हणाली, 'भरू की.' मग मोठी तपासणी पुढच्या महिन्यावर गेली, मग त्याच्या पुढच्या. मला तिचा राग येतो, ठमे. सगळ्यात जास्त तिचाच येतो. आणि ज्याच्यावर काढायचा ते माणूसच उरलं नाही. मशीनशी बोलून बघितलं. उपयोग होत नाही.

या वेळी तू कसलीच कसर राहू द्यायची नाही असं ठरवलं होतंस. फ्रीज मावशींकडे ठेवा. खिडकीचा पडदा काढा. भिंतीचा पोपडा झाकायला लावलेलं कॅलेंडर काढा. जुना शर्ट घाला. आईचा फोटो दारातून दिसेल असा लावा. 'आणि बाबा, रडू आलं तर आवरू नका.' हे शेवटचं वाक्य मी लिफ्टमध्ये वाचलं. दुसऱ्या मजल्याची माणसं त्या दिवशी पाचव्यावर उतरली.

फ्रीज वर चढवायला मावशींचा जावई आला होता. मावशी जिन्यात कमरेवर हात ठेवून उभ्या. 'गरिबीसुद्धा मांडून ठेवावी लागते होय आता? मग कपाटाचं दार पण मोडून देते की. हातोडी आहे माझ्याकडे.' जावई हसला, मीही हसलो. खिडकीचा पडदा काढला तेव्हा मात्र त्यांचे कमरेवरचे हात खाली आले. तो आपला साधाच, उरलेल्या तुकड्यांचा, पण तो गेल्यावर खोली अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखी दिसायला लागली. अशा घरी तुझ्या आईने साधी चिंधीसुद्धा शिवायला टाकली नसती.

ट्रस्टच्या त्याच बाई आल्या. मला ओळखलं नाही, वर्षाकाठी किती घरं बघत असतील. खोलीभर नजर फिरली तसा त्यांचा चेहरा मऊ पडला, हे मी बघितलं. मागच्या वेळी आईने कपबशा मांडल्या होत्या, तेव्हा तो असा मऊ झाला नव्हता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग आईच्या फोटोखाली मला उभं करून त्यांनी माझा फोटो काढला. 'जरा इकडे सरकता का? तो पोपडा येऊ दे.' मी सरकलो. मोबाईल खाली घेताना त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. 'इथे मागे हिरवे पडदे होते का हो? म्हणजे त्या शिवणाऱ्या बाई...' मी फोटोकडे हात केला. त्यांना खरंच वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू. डोळे पुसले. म्हणाल्या, 'काय हात होता त्यांचा. माझ्याकडचे अजून जसेच्या तसे आहेत.' आणि पेनाला टोपण लावता लावता, 'एका खिडकीचा राहिलाय बघा तेवढा. दुसरं कुणी शिवणारं माहीत आहे का तुम्हाला?'

इतकी वर्षं मी लिफ्टच्या त्या पेटीत काढली. लोक माझ्यादेखत काय काय बोलून गेले, पण असं काही माझ्या अंगावरून कधी गेलं नव्हतं. जिभेवर शब्द आले. असले शब्द मला येतात, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि मी म्हणालो, 'नाही हो. माहीत नाही.' कारण तुझं वर्ष त्या पेनात होतं. त्यानंतर मला रडू आलं. तू सांगितलं होतंस म्हणून नव्हे, आलं म्हणून. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. त्या रडण्यात दुःख किती आणि चीड किती, हे मला निवडून सांगता येणार नाही. त्यांच्या कागदावर मात्र ते सगळं दुःखाच्याच रकान्यात पडलं असणार.

त्या गेल्यावर मी तुझा निबंध वाचला. 'विचारलं तर हेच सांगा' म्हणून तू आधीच पाठवला होतास, पण माझी हिंमत होत नव्हती. 'माझी आई अडाणी मजूर होती. उपचाराला पैसे नव्हते, म्हणून ती गेली.' अडाणी? ती पहिल्या फटक्यात दहावी पास झाली, मला दोन फटके लागले. तुझे पाढे तिने घेतले, पायडल मारता मारता. तेराच्या पाढ्यात चुकलीस की पायडल थांबायचं, आठवतंय ना? मजूर म्हणवून घेण्यात कमीपणा नाही, मीही तोच आहे. पण ती कारागीर होती, आणि तुला तो शब्द येतो. 'पैसे नव्हते, म्हणून ती गेली.' हे खोटं नाही, म्हणूनच वाचवत नाही. पैसे नाहीत हे तिने कुणाला कळू दिलं नाही, म्हणून ती गेली. ते तू लिहिलं नाहीस. ते लिहायचं तर पडदे लिहावे लागले असते. आणि तुझा तो फोन.

असं लिहिल्याशिवाय कुणी देत नाही, एवढं मला कळतं. तू आधी खरं तेवढंच लिहून बघितलंस, मार्क दाखवलेस, सरांची शिफारस जोडलीस, आणि सगळीकडून 'खेद वाटतो' असं आलं. तू महिनाभर दिवसातून एकदाच जेवतेस, हे मला तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. तू नाही सांगितलंस. म्हणजे तू तिचीच मुलगी आहेस, घरच्यांपासून लपवणारी. तेव्हा माझा राग सगळा तुझ्यावर आहे असं समजू नकोस. तुझ्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. ज्यांना नुसती हुशार मुलगी पुरत नाही, तिची आई मेलेली लागते, त्यांच्या वाट्याला उरलेला. आई जिवंत होती, मशीनवर बसलेली होती, तेव्हा आपण समाधानकारक होतो.

आता निकाल. परवा बाईंचा फोन आला. मंजूर झाली, पूर्ण, शेवटच्या वर्षापर्यंत. तुला पत्र या आठवड्यात मिळेल. ते पैसे घे. नाकार वगैरे मी म्हणणार नाही, तसलं बोलणं भरल्या पोटी शोभतं. पोटभर जेव आणि तो गंज शोधून काढ. पण पुढच्या महिन्यात त्यांचा समारंभ आहे आणि तुला स्टेजवर बोलायचं आहे. बाई म्हणाल्या, 'निबंधातलंच बोलू दे तिला, सगळ्यांच्या फार मनाला लागलं ते.' मला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. 'तुम्ही आहात तसेच या हं, काही वेगळं करू नका.' मी येणार आहे. आहे तसा नाही, तू पदवी घेतलीस तेव्हा आईने शिवलेला शर्ट घालून येणार आहे. तो काढून इस्त्री केला. फ्रीज खाली आणला, पडदा लावला. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. स्टेजवर तिच्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. जमलं तर हिरव्या पडद्यांचं सांग, ते कुणाचे होते आणि तिने ते कशासाठी लावले होते. त्या बाई तुझ्या मागेच बसलेल्या असतील, त्यांनाही ऐकू दे. पण तिला अडाणी म्हणालीस, तर मी पहिल्या रांगेत उठून उभा राहीन. बोलणार काही नाही, मला बोलता येत नाही. तू शब्द बदलेपर्यंत बसणार मात्र नाही. उभं राहायची मला सवय आहे.

रागात असलेला, तरी तुझाच,
बाबा